काळीज म्हणजे यकृत

बाबांना माझ्या यकृताचा उजवा भाग दिल्याला तीन महिने झाले, त्या आठवड्यात माझे सीटी स्कॅन झाले. रेडिओलॉजिस्ट मैत्रिणीने पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी लावली, एक शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि एक आताचे. पहिल्यात यकृत नेहमीसारखे होते, उजव्या बरगड्यांखाली ऐसपैस पसरलेले आणि डावीकडे निमुळते होत गेलेले. दुसऱ्यात उजवा भाग नव्हताच. तो पुन्हा उगवला नव्हता. शस्त्रक्रियेच्या दिवशी माझ्याकडे ठेवलेला जेमतेम ३८ टक्क्यांचा डावा भागच भरून, गोलसर होऊन, रिकाम्या जागेत सरकून बसला होता. आकारमान पूर्वीच्या सुमारे ८५ टक्के झाले होते. "अजून थोडं भरेल," ती म्हणाली, "पण घडण आता अशीच राहणार."

मी विकृतिशास्त्राची डॉक्टर आहे आणि गेली सतरा वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्यांच्या शरीराचे तुकडे पाहून अहवाल लिहीत आले आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी रॅटच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून दाखवले, की कापलेले खंड परत येत नाहीत. उरलेले खंड वाढतात आणि आठवड्या-दहा दिवसांत वजन भरून निघते. हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते. तरीही त्या दिवशी पडद्यासमोर बसल्यावर जो प्रश्न मनात आला, तो वाढीचा नव्हता. या तीन महिन्यांत माझ्या यकृतातल्या असंख्य पेशी दुभंगल्या होत्या, आणि त्याच काळात माझ्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन तयार होत होते, रक्त गोठण्याचे घटक तयार होत होते, पित्त वाहत होते. विभाजनाच्या वेळी पेशीला आपला सगळा डीएनए उलगडून त्याची नक्कल करावी लागते. इतकी उलथापालथ चाललेली असताना आपण यकृताची पेशी आहोत, हे तिच्या ध्यानात कसे राहते?

मराठीत या अवयवाला दोन नावे आहेत आणि ती दोन वेगळ्या जगांत वावरतात. यकृत हा पुस्तकातला आणि दवाखान्यातला शब्द. काळीज हा घरातला. मटणाच्या दुकानात काळीज मागितले की दुकानदार यकृतच कापून देतो. त्याला शंका येत नाही. बोलण्यात मात्र काळीज छातीत धडधडते, त्याला घरे पडतात, ते तीळतीळ तुटते. आई लहानपणापासून मला काळजाचा तुकडा म्हणत आली आहे. संमतिपत्रांवर सह्या करायला आम्ही तिघे बसलो होतो, तेव्हा तो शब्द खोलीत कोणी उच्चारला नाही. आईने फक्त माझ्या हातातले पेन बदलून दिले, कारण पहिल्याची शाई नीट उमटत नव्हती.

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. दारूचा थेंबही त्यांनी कधी घेतला नाही. मधुमेह आणि वर्षानुवर्षे साचत गेलेली चरबी यांनी त्यांचे यकृत सिरॉसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी कठीण होण्यापर्यंत, नेले. प्रत्यारोपणानंतर पहिल्या दिवाळीत, फराळाचे ताट बाजूला सारून, त्यांनी मला विचारले, "तुझं काळीज माझ्या पोटात बसलं. आता ते तुझं म्हणायचं की माझं?" प्रश्न भावनेने भिजलेला नव्हता. व्याख्या नीट केल्याशिवाय ते पुढे जात नाहीत, त्या सवयीतून तो आलेला होता. मी तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. हा लेख म्हणजे त्यानंतर जे वाचले, पाहिले आणि पुन्हा विचारात घेतले, त्याचा हिशेब आहे.

उत्तराचा सोपा भाग आधी सांगते. रक्तातल्या हॅप्टोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळे प्रकार असतात आणि ते मुख्यतः यकृत तयार करते. यकृत प्रत्यारोपण नवे होते तेव्हा, १९६८ मध्येच असे नोंदवले गेले, की प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या रक्तातला हॅप्टोग्लोबिनचा प्रकार बदलून दात्यासारखा होतो. म्हणजे बाबांच्या रक्तातली यकृतात बनणारी प्रथिने, अल्ब्युमिनसुद्धा, आज माझ्या जनुकांवरून वाचली जातात. या अर्थाने ते यकृत माझेच आहे. पण ते किती वाढायचे, कुठे थांबायचे, हे त्यांचे शरीर ठरवते. बाबांना मी एवढेच सांगितले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे पुस्तक तुझं, वाचणारा मी." मला ते तेव्हा फार आवडले. नंतर लक्षात आले, की त्यात मधली एक पायरी राहून गेली आहे.

ती पायरी अशी. माझ्या त्वचेच्या पेशीत, मेंदूच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पुस्तक एकच आहे. सुमारे वीस हजार प्रथिने सांगणारी जनुके सगळ्यांत तीच. फरक आहे तो कोणती पाने उघडी आहेत आणि कोणती चिकटवून टाकली आहेत याचा. प्रत्येक पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळाभोवती १४७ अक्षरे. ही गुंडाळी कुठे सैल आहे, कुठे घट्ट, रिळांच्या शेपट्यांवर कोणत्या रासायनिक खुणा आहेत, डीएनएवर कुठे मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटले आहेत, या सगळ्या मांडणीतून पेशीची ओळख घडते. १९४२ साली कॉनरॅड वॅडिंग्टन यांनी या क्षेत्राला एपिजेनेटिक्स हे नाव दिले, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती. पुढे त्यांनी एक चित्र काढले, उतारावरून घरंगळणाऱ्या चेंडूचे, ज्याच्या वाटेत दऱ्या फुटत जातात. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. धारेवर पडलेला थेंब वीतभर अलीकडे पडला तर कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो, वीतभर पलीकडे पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. एकदा दरीत उतरल्यावर परत माथ्यावर चढणे पाण्याच्या स्वभावात नाही.

यकृतात ही पाणलोटाची धार कुठे असते, ते चांगले ठाऊक आहे. गर्भाच्या यकृतात सुरुवातीला एकाच प्रकारच्या पेशी असतात, ज्यांच्यातून पुढे दोन प्रकार होऊ शकतात. प्रवेशिका शिरेला लागून असलेल्या पेशींना तिच्या भोवतालच्या ऊतींकडून नॉच नावाच्या संकेतमार्गाने निरोप मिळतो आणि त्या पित्तनलिकेच्या पेशी होतात. ज्यांना तो निरोप पोहोचत नाही, त्या यकृतपेशी होतात. इतक्या जवळच्या या बहिणी. हा निरोप देणारे जॅग्ड-१ हे जनुक बिघडले, तर पित्तनलिका पुरेशा तयार होत नाहीत आणि बाळाला अ‍ॅलाजील सिंड्रोम होतो; हा संबंध १९९७ मध्ये उघड झाला.

थेंब दरीत उतरला की काम संपले, असे मी बरीच वर्षे मानत होते. ते तसे नाही. फॉक्स-ए कुळातली प्रथिने बंद गुंडाळीतही शिरून ती उघडतात आणि यकृताची जनुके वाचता येतील अशी जागा करतात. गर्भात त्यांनी वाट मोकळी केली, की पुढे त्यांची गरज उरत नसेल, अशी कल्पना करणे स्वाभाविक आहे. २०२० मध्ये प्रौढ उंदरांच्या यकृतातून या कुळातली तिन्ही जनुके एकदम काढण्यात आली, तेव्हा यकृतपेशींची सगळी नियंत्रणव्यवस्था कोसळली आणि उंदरांची यकृते निकामी झाली. पेशींचा डीएनए जागेवर होता, तरी त्यांना यकृतपेशी म्हणून उभे राहता येईना. ओळख ही घरातल्या देवापुढच्या समईसारखी निघाली. रोज तेल घालावे लागते.

बाबांच्या काढलेल्या यकृताचा अहवाल मी लिहिला नाही. तो माझ्या एका सहकाऱ्याने लिहिला, आणि तेच योग्य होते. सहा महिन्यांनी मी त्याच्याकडून स्लाइड मागून घेतल्या. संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर पहिली स्लाइड लावली, कमी भिंगावर. ट्रायक्रोम रंगात तंतूंचे निळे पट्टे दिसतात आणि त्यांनी वेढलेली लालसर बेटे. ही बेटे म्हणजे पुनरुत्पत्तीच्या गाठी. इजा होत राहिली, पेशी मरत राहिल्या, उरलेल्या पुन्हा पुन्हा विभागत राहिल्या, आणि भोवती व्रण पडत गेले. गाठ हा यकृताने केलेल्या प्रयत्नाचा पुरावा असतो.

मला विद्यार्थी असताना दाखवलेली यकृताची पहिली स्लाइड आठवली. ती फार जुनी होती, ज्याला इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस म्हणत त्या आजाराने गेलेल्या एका बाळाची. आमच्या सरांनी सांगितले, "यात काय आहे ते नंतर पाहा. काय नाही ते आधी सांग." त्यात मोठ्या गाठी नव्हत्या. पेशी फुगलेल्या, एकेका पेशीभोवती तंतू वेढलेले, ऑर्सीन रंगात तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे गडद कण, आणि पुनरुत्पत्ती जवळजवळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम करून १९८३ मध्ये मांडले, की वरचे दूध कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापवल्याने, साठवल्याने त्यात तांबे उतरते आणि ते या आजाराच्या मुळाशी असावे. भांडी बदलली, स्टील आले, आणि तो आजार आता क्वचितच दिसतो. त्या बाळाच्या यकृताला प्रयत्नच करता आला नव्हता. बाबांच्या यकृताने केला होता, आणि तोही वर्षानुवर्षे. तरी ते हरले. हा फरक मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसला.

मग दुसरी स्लाइड लावली, सायटोकेराटिन ७ या प्रथिनासाठी रंगवलेली. हे प्रथिन निरोगी यकृतात पित्तनलिकांच्या पेशींत असते, यकृतपेशींत नसते. ते असले तर तपकिरी रंग उठतो. गाठींच्या काठाशी तपकिरी नलिकांची दाटी होती. दीर्घकाळच्या इजेत ती अपेक्षितच असते. पण एका गाठीच्या आत, काठापासून तीन-चार पेशी अंतरावर, एक पेशी होती. आकार यकृतपेशीचा, बहुकोनी, भरपूर पेशीद्रव्य असलेली, केंद्रक गोल आणि मधोमध, त्यात ठळक केंद्रिका. आणि ती तपकिरी होती. फार गडद नव्हे. कडेला जास्त, मध्ये फिकट. अहवालात आम्ही अशा पेशींना मध्यस्थ पेशी म्हणतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मी त्या संध्याकाळी वळले नाही. ही यकृतपेशी नलिकेची पेशी व्हायला निघाली होती, की नलिकेची पेशी यकृतपेशी होऊ पाहत होती? स्लाइड हे थांबवलेले चित्र आहे. पाऊल उचललेले दिसते. ते कुणीकडे पडणार, हे दिसत नाही.

माणसात दिशा सांगता येत नाही, पण उंदरात येते, कारण तिथे एखाद्या प्रकारच्या पेशींवर आधीच कायमची खूण करून ठेवता येते आणि महिन्यांनंतर त्या खुणेची लेकरे कुठे सापडतात ते पाहता येते. या पद्धतीने मिळालेली उत्तरे दोन्ही दिशांची आहेत. २०१४ मध्ये दाखवले गेले, की पूर्ण वाढलेल्या यकृतपेशीत यॅप नावाचे प्रथिन जोरात चालू केले, तर ती आपले यकृतपण सोडून नलिकेच्या पेशीसारखी होते, आणि यॅप पुन्हा शांत केले की त्यांतल्या काही परत यकृतपेशी होतात. २०१७ मध्ये एडिंबरोच्या गटाने उलट बाजू दाखवली: यकृतपेशींना विभागताच येणार नाही अशी व्यवस्था करून इजा केली, तेव्हा नलिकेच्या पेशी पुढे आल्या आणि त्यांच्यापासून यकृतपेशी तयार झाल्या. २०१८ चा प्रयोग मला यांतला सगळ्यांत विलक्षण वाटतो. अ‍ॅलाजील सिंड्रोमसारखी स्थिती असलेल्या, यकृताच्या आत पित्तनलिकाच नसलेल्या उंदरांमध्ये यकृतपेशींनी स्वतः नलिकेच्या पेशी होऊन पित्त वाहून नेणाऱ्या नव्या नलिका बांधल्या. नॉचचा निरोप तिथे मिळणे शक्य नव्हते. टीजीएफ-बीटा नावाच्या दुसऱ्या संकेताने ते काम भागवले. बहिणीच्या घरात कोणीच उरले नाही, तेव्हा दुसरी बहीण तिचा संसार चालवायला गेली.

म्हणजे पाणी दरीतून परत वर चढले. हे शक्य होते, कारण यकृतपेशीतली नलिकेची पाने कायमची चिकटवलेली नसतात. आणि ही सैल ठेवलेली पाने हे दुधारी शस्त्र आहे. एआरआयडी-१ए हे प्रथिन गुंडाळी सरकवणाऱ्या यंत्रणेचा भाग. २०१६ मध्ये ते नसलेल्या उंदरांची यकृते इजेनंतर अधिक चांगली भरून आली. २०१९ मध्ये असे दिसले, की तेच नसेल तर यॅपची हाक आली तरी यकृतपेशी आपले रूप बदलू शकत नाहीत. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, की कोणत्या इजेबद्दल बोलतो आहोत यावर किती अवलंबून आहे, ते कळते.

माझ्या स्वतःच्या यकृताची गोष्ट मात्र साधी होती. कापल्यावर उरलेल्या निरोगी यकृतात कोणाला रूप बदलावे लागत नाही. यकृतपेशी स्वतःच विभागतात. काही पेशी विभागण्यात गुंतलेल्या असताना इतर पेशी नेहमीच्या कामाचा जास्तीचा भार उचलतात, असे उंदरांच्या एकेका पेशीचा अभ्यास करून दिसले आहे. पण इथेही प्रश्न उरतोच: प्रौढ यकृतातली पेशी एरवी महिनोन्‌महिने न विभागता राहते, आणि गरज पडली की एक-दोन दिवसांत विभाजनाला लागते, ते कसे? कर्स्टन सॅडलर यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांच्या शांत यकृतात पाहिले, की विभाजनाला लागणारी बरीच जनुके घट्ट गुंडाळून ठेवलेली नसतात. तिथली गुंडाळी उघडी असते, फक्त जवळच्या हिस्टोनवर एक गप्प राहण्याची खूण असते: एच-३ हिस्टोनच्या सत्ताविसाव्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट. दार लावलेले नाही, नुसती साखळी अडकवलेली आहे. हाक आली की साखळी काढायची, एवढेच.

याच गटाचा २०१९ चा प्रयोग मी अनेकदा वाचला आहे. डीएनएवरच्या मिथाइल खुणा विभाजनानंतर नव्या धाग्यावर उतरवून घेण्याचे काम एक जोडी करते. नक्कल झाल्यावर जुन्या धाग्यावर खूण असते आणि नव्यावर नसते. अशी अर्धवट खुणांची जागा यूएचआरएफ-१ हुडकते आणि डीएनएमटी-१ तिथे उरलेली खूण करते. माझ्या यकृतातल्या प्रत्येक विभाजनात हे लाखो ठिकाणी झाले असले पाहिजे. पेशीच्या लेकीला आपण कोण हे कळते, त्याचे एक कारण हेच. या खुणांचे मोठे काम म्हणजे डीएनएत इकडून तिकडे उड्या मारू शकणाऱ्या तुकड्यांना, ट्रान्सपोझॉनना, गप्प ठेवणे. आपला जवळजवळ निम्मा डीएनए अशा तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. संशोधकांनी उंदरांच्या यकृतपेशींतून यूएचआरएफ-१ काढले. मिथाइल खुणा पुसल्या गेल्या. आता हे तुकडे मोकाट सुटून यकृत कोलमडेल, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. गप्प राहण्याची ती दुसरी खूण, सत्ताविसाव्या लायसिनवरची, जनुकांजवळून हटून ट्रान्सपोझॉनवर जाऊन बसली. मागच्या दाराचे कुलूप तुटले म्हणून कोणी पुढच्या दाराची साखळी काढून तिथे लावावी, तसे. पुढचे दार त्यामुळे मोकळे झाले. यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढल्यावर पुनरुत्पत्तीची जनुके लवकर चालू झाली, जास्त वेळ चालू राहिली, आणि यकृत नेहमीपेक्षा वेगाने भरून आले.

हे वाचून साखळीच काढून टाकावी, असा मोह होतो. पण ती खूण घालणारी ईझेडएच-१ आणि ईझेडएच-२ ही दोन्ही प्रथिने उंदरांच्या यकृतातून काढली, तर काय होते, तेही २०१५ मध्ये नोंदले गेले आहे: यकृतात तंतू साचतात आणि पुनरुत्पत्ती नीट होत नाही. साखळी असायला हवी. ती निघायलाही हवी.

बाबांच्या गाठींकडे परत येते, कारण तिथे मला माझ्या कामाबद्दलच काही शिकायला मिळाले. त्या गाठींत पेशी जिवंत होत्या, भरपूर होत्या. मी इतकी वर्षे अहवालात मृत्यू मोजत आले: किती पेशी मेल्या, किती जागा तंतूंनी घेतली. बाबांचे अल्ब्युमिन प्रत्यारोपणाआधीच्या शेवटच्या महिन्यांत २.१ ग्रॅम प्रति डेसिलिटरवर उतरले होते आणि पोटात पाणी भरत होते. इतक्या पेशी हयात असताना हे का व्हावे, असा प्रश्न मी कधी नीट विचारला नव्हता. एचएनएफ-४-अल्फा हे यकृतपेशीच्या ओळखीचे एक मुख्य प्रथिन. यकृताची कित्येक जनुके त्याच्या आधाराने चालतात. सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यात ते ओसरते. २०१५ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी यकृत पूर्ण निकामी झालेल्या रॅटमध्ये एका विषाणूच्या साहाय्याने या एकाच प्रथिनाचे जनुक यकृतपेशींत परत पोहोचवले. पेशी पुन्हा कामाला लागल्या. यकृताचे कार्य सुधारले आणि रॅट जगले. नव्या पेशी बाहेरून आणल्या नव्हत्या. आपण कोण, याचा विसर पडलेल्या जुन्या पेशींना ते पुन्हा आठवले होते. मद्यामुळे यकृताला तीव्र दाह झालेल्या माणसांत तर २०१९ मध्ये असे आढळले, की हे प्रथिन असते, पण गर्भावस्थेतल्या रूपात. पेशी मागच्या वाटेवर अर्ध्यात अडकलेली असते. रोजच्या कामात आम्ही अल्फा-फीटोप्रोटीन मोजतो, तेही याच जातीचे: गर्भातले यकृत ते बनवते, जन्मानंतर बंद करते, आणि कर्करोगात ते पुन्हा दिसते, हे १९६३ मध्ये गॅरी अबेलेव्ह यांनी उंदरांत दाखवले. इजेच्या वेळी यकृतपेशी काही पावले बालपणाकडे जाते. तिथून ती परतते की नाही, यावर पुढचे सगळे ठरते.

बाबांसाठी हे ज्ञान वेळेवर आले नाही. रॅटमधून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो. मला त्याचे दुःख आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

आणखी एका गोष्टीचा उलगडा मला उशिरा झाला. प्रत्यारोपणाच्या सहा-सात वर्षे आधी बाबांनी नऊ किलो वजन उतरवले होते आणि त्यांच्या यकृताचा ताठरपणा तपासणीत कमी झालेला दिसला होता. घरात सगळ्यांना हायसे वाटले. मग गुडघा दुखावला, चालणे थांबले, साखर पुन्हा वाढली, आणि आधी ज्याला दहा-बारा वर्षे लागली होती ते दोन वर्षांत झाले. यकृतात तंतू घालणाऱ्या पेशी ताऱ्याच्या आकाराच्या असतात. १८७६ मध्ये कुप्फर यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवून त्या पहिल्यांदा पाहिल्या; पुढे भक्षकपेशींशी त्यांचा घोटाळा झाला आणि तो १९७१ मध्ये जपानचे केन्जिरो वाके यांनी सोडवला. शांत असताना या तारकापेशी जीवनसत्त्व अ साठवतात. इजा झाली की रूप बदलून तंतू विणू लागतात. इजा थांबली की त्यांतल्या सुमारे निम्म्या मरतात आणि उरलेल्या पुन्हा शांत होतात, असे २०१२ मध्ये उंदरांत दिसले. मात्र या परतलेल्या पेशी कधीच न जागलेल्या पेशींसारख्या नसतात. पुन्हा इजा झाली, तर त्या अधिक चटकन उठतात. बाहेरून शांत, आत आठवण शिल्लक. बाबांच्या बाबतीत नेमके हेच झाले, असे मी म्हणू शकत नाही. पण तो आलेख डोळ्यांसमोर आला, की मला याच पेशी आठवतात.

प्रत्यारोपणाला तीन वर्षे झाली, त्या रविवारी मी बाबांकडे गेले आणि त्यांच्या जुन्या प्रश्नाकडे परतले. मी त्यांना २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले एक काम सांगितले. १९५० च्या दशकात आणि साठच्या सुरुवातीला झालेल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढवला. तो झाडांत, अन्नात आणि आपल्यात आला. पेशी जन्मली त्या वर्षीच्या हवेची नोंद तिच्या डीएनएत राहिली. ती नोंद वाचून संशोधकांनी काढले, की माणूस विशीतला असो वा ऐंशीतला, त्याच्या यकृतपेशींचे सरासरी वय तीन वर्षांपेक्षा कमी असते. गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या पेशी झपाट्याने बदलतात. जास्त संच असलेल्या काही दहा वर्षांपर्यंत टिकतात.

बाबांनी वही ओढली. चष्मा लावला. थोडा वेळ त्यांनी काहीतरी मांडले, खोडले.

"म्हणजे तू दिलेल्या पेशींतल्या बऱ्याचशा आता नाहीत."

"हो. काही असतील अजून. बाकीच्या त्यांच्या लेकी."

"त्या इथे जन्मल्या. माझ्याकडे." त्यांनी पोटावर हात ठेवला. "मग यकृत व्हायचं त्यांना कोणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं."

"आधीच्या पेशींनी. विभागताना खुणा उतरवून दिल्या."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक माझंच. खुणाही मुळात माझ्याकडच्या. पण या तीन वर्षांत तुमच्या रक्तातली साखर, तुमचं जेवण, तुमच्या गोळ्या, हे सगळं त्यांनी पाहिलंय. त्यातलं काय काय खुणांत उतरलं असेल, ते आतून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्यांनी वहीत एक ओळ लिहिली, मला दाखवली नाही. आईने आतून विचारले, की भाकरी आत्ता टाकू की थांबू. तेवढ्यात बाबांच्या फोनचा नऊचा गजर वाजला. दर बारा तासांनी वाजतो, सकाळी नऊला आणि रात्री नऊला; त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती माझ्या पेशींना अजून परके समजते आणि तिला गप्प ठेवणारी गोळी चुकवून चालत नाही. ते उठले, फडताळातला डबा काढला, दिव्याखाली धरून गोळीवरचा आकडा वाचला, आणि पाण्यासाठी तांब्याकडे हात केला.